न लिहिलेले शून्य

भाद्रपदाचे कलते ऊन सड्याच्या उघड्या पठारावर उतरले होते. जांभ्याच्या कृष्णताम्र कातळावर सोनकीचा पीतवर्ण, तेरड्याचा गुलाल. वारा येई, पिवळे वाकत असे. वारा जाई, पिवळे उठत असे.

सड्यावरच्या सागर-संशोधन केंद्रात मात्र सुनेत्रा तेंडोलकरला खिडकीकडे पाहायला सवड नव्हती. पाच वाजता जुना संगणक कायमचा बंद होणार होता. त्यावर एकतीस वर्षे चालत आलेले भरती-ओहोटीचे गणित नव्या संगणकावर जुळत नव्हते. पाचच्या आत जुळले नाही, तर ते मोडीत निघणार होते.

गणित बांदिवडेकर सरांचे. फोर्ट्रान या संगणकभाषेतले, अठरा हजार ओळींचे. चंद्राकर्षित, लवणगंधी बावीस खाड्यांचे श्वास त्यात बांधलेले. पण सरांनी ते त्या एकाच यंत्राच्या लाडक्या बोलीत लिहिले होते. नवा कंपायलर, म्हणजे माणसाची ओळ यंत्राला समजावणारा दुभाष्या, फक्त भाषेच्या नियमांचा प्रमाणग्रंथ मानणारा. आठ महिने सुनेत्रा एकेक ओळ प्रमाण भाषेत आणत होती. शब्द जुळले, रचना जुळली. उत्तर जुळेना.

जुने यंत्र म्हणे, आजची भरती दोन पूर्णांक चौदा मीटर. नवे म्हणे, एक्क्याण्णव हजार. पुन्हा चालवले, तर उणे चार.

“एक्क्याण्णव हजार? अगो, चंद्रच बुडाला की!” दारातून सर म्हणाले. निवृत्तीला अठरा वर्षे झालेली, पण निरोपाला आज इस्त्रीचा शर्ट घालून आलेले.

“हसू नका सर. पाचला तुमच्या लाडक्याचे दिवे जातायत.”

“चूक तुमच्या या नव्या जावयाची. माझं गणित एकतीस वर्षं चुकलेलं नाही.”

सुनेत्राचे बोट ओळींवरून उतरत गेले आणि यंत्राच्या स्मृतीतल्या एका कप्प्यापाशी थबकले. तिथे लाटांची बेरीज होई. चंद्राची लाट, सूर्याची लाट, खाडीच्या वळणाची लाट.

“सर, पहिली लाट पडण्याआधी या कप्प्यात काय असतं?”

“शून्य. आणखी काय असणार?”

“ते लिहिलंय कुठं?”

“लिहायचं कशाला? रिकाम्या कप्प्यात आमच्याकडे...”

वाक्य तिथेच थांबले. जुने यंत्र न सांगता प्रत्येक कप्पा शून्याने धुऊन ठेवत असे. प्रमाणग्रंथ असे वचन कुणालाच देत नाही. नव्याच्या कप्प्यात आधीच्या कामाचा गाळ असे, आणि त्या गाळावर सरांच्या लाटा चढत.

सर खुर्चीपाशी आले. मग म्हणाले, “ऊठ. मला बसू दे.”

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी ओळ लिहिली: बेरीज बरोबर शून्य. “एकतीस वर्षं उशीर झाला,” ते पुटपुटले, आणि कान लाल होईपर्यंत हसले.

दोन पूर्णांक चौदा.

सुनेत्राने तेच गणित दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालवले. दोन पूर्णांक चौदा. तिसऱ्यावर, जिथे ते आजवर कधी उघडलेही नव्हते. दोन पूर्णांक चौदा. तिने टाळी वाजवली, सरांनी टेबल वाजवले.

“जावई बरा निघाला हो!”

“तीन-तीन जावई, सर.”

पाच वाजले. जुन्या यंत्राची घरघर मंदावली, विरली. पण तीन पडद्यांवर भरतीच्या तीन निळ्या रेषा एकाच वेळी निघाल्या, एकाच लयीत चढल्या, एकाच उंचीला पोचल्या. क्षणभर थांबल्या, आणि हलकेच, हलकेच उतरू लागल्या.