तीन नावांचं कार्ड

मी वाचनालयाच्या सूचीतलं एक कार्ड बोलतोय. तैवानच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात फांगबाईंनी मला लिहिलं. त्या तिथल्या ग्रंथपाल.

त्या दिवशी सेलेप नावाची, पायवान या डोंगरी आदिवासी जमातीची बाई एक जाड वही घेऊन आली. तिचं गाव सरकारनं डोंगरावरून उठवून खाली आणून वसवलं होतं. पायवान लोक आपली गेलेली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरत. वरती कुठलं घर कुठं होतं, कुठं कोण झोपलंय, ते सगळं तिनं नकाशा काढून लिहिलं होतं.

“नाव काय लावू?” फांगबाईंनी विचारलं.

“कुठलं हवं? जपान्यांचं राज्य होतं तेव्हा शाळेत मास्तरांनी हानाए केलं. मग चिनी सरकार आलं, कचेरीनं पान शियू-यून केलं. आई सेलेप म्हणायची.”

“तिन्ही लिहिते. कुणी कसंही शोधत आलं तरी सापडशील.”

वहीला शीर्षक नव्हतं. तिचा तळघरातल्या कपाटातला क्रमांक फक्त माझ्यावर आला. फांगबाईंचं अक्षर बारीक, रेखीव. शाई वाळेपर्यंत त्या मला हातात धरून बसल्या होत्या.

पुढं संगणक आला. नवे नियम आले. त्यांत एका माणसाच्या कितीही नावांना जागा होती म्हणे. ती भरायला मात्र कुणाला वेळ नव्हता. निवृत्तीच्या दिवशी फांगबाईंनी मला खणातून काढलं आणि लो नावाच्या नव्या कारकुनाच्या टेबलावर ठेवलं.

“याची नोंद आधी कर.”

“लेखकांच्या मंजूर यादीत ही बाई नाही, फांगबाई. हिला लेखक-क्रमांकच नाही.”

“क्रमांक नाही म्हणजे ती जन्मलीच नाही का रे?”

“तसं नाही हो. पण तीन लाख नोंदी आहेत आणि मी एकटा. तूर्त ‘लेखक अज्ञात’ टाकतो, मग बघू.”

ते ‘मग’ कधी उजाडलंच नाही; कामाच्या ढिगात लो मला विसरून गेला. फांगबाई मुलीकडे दूरच्या शहरात गेल्या, वर्षभरात वारल्या. खणांतली कार्डं रद्दीत गेली. मी टेबलावर होतो म्हणून वाचलो. माझी मागची बाजू कोरी, म्हणून लोच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडलो.

गेल्या आठवड्यात सेलेपची मुलगी आली. मुआकाइ. पासष्टीची, गुडघ्यांनी वाकलेली. लोसाठी तिनं भाजून सुकवलेले अळूचे कंद आणले होते.

“पोरा, वरच्या गावावरून रस्ता जातोय. कबरी कुठं आहेत ते सोमवारपर्यंत लेखी दाखवा, नाहीतर यंत्रं चालवू म्हणतात. आईची वही इथंच आहे. सेलेपची.”

लोनं शोधलं. “नाही, आजी.”

“हानाए टाकून बघ. पान शियू-यून टाक.”

त्यानं टाकलं. पुन्हा टाकलं. तो वाईट माणूस नाही. त्याचं जेवण थंड झालं तरी तो उठला नाही.

“तळघरात जाऊन बघतोस का?”

“तिथं ‘लेखक अज्ञात’ अशी नऊ हजार बाडं आहेत, आजी. दोन दिवसांत कशी बघू?”

मी गठ्ठ्यात सगळ्यात वर होतो. पालथा. मला नुसतं उलटून बघितलं असतं कुणी! लोनं मलाच उचललं. वाटलं, आता बघेल. त्यानं माझ्या पाठीवर लिहिलं, ‘अशी कोणतीही नोंद आढळली नाही’, शिक्का मारला, आणि माझ्या तोंडाला खळ फासून मला तिच्या अर्जावर घट्ट दाबून बसवलं.

“हे कचेरीत दाखवा. मुदत वाढवून देतील कदाचित.”

मुआकाइनं तो शिक्का बोटानं चाचपला. “आई खोटं बोलत नव्हती रे,” एवढंच म्हणाली.

आज सोमवार. कचेरीच्या बाकावर आम्ही बसलोय. सेलेपची तिन्ही नावं, कपाट, खण, क्रमांक सगळं माझ्या अंगावर आहे, आणि आत जाऊन मी सांगणार, की काहीच नाही. साहेब, कोपरा जरा ओला करा हो. नखानं उचलून बघा. खळ साधीच आहे, पाण्यानं सुटेल.

बाहेर पाऊस लागलाय. मुआकाइनं मला प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून उराशी धरलंय. एक थेंबसुद्धा लागू देत नाही.