हिमनाथांना फुटले कान

"हे खोटं निघालं ना चंदू, तर मी भर दुपारी टिटवाळा स्टेशनासमोर बसेन. स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून. वर शेकोटी पेटवून," भाऊ कर्णिक म्हणाले.

"आणि खरं निघालं तर ही मिशी काढून बाबाच्या पायाशी ठेवतो," चंदू भोईर म्हणाला. "लागली?"

"लागली."

मंदाताईंच्या फाटकापाशी रांगेत उभं राहून ही पैज लागली. रांग पार नाक्यापर्यंत गेलेली. माणसं कुडकुडत होती, पण जागा सोडत नव्हती. कारण आत, मंदाताईंच्या हॉलमध्ये, छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर रोज पहाटे हिमनाथ महाराज दर्शन देत होते. खाली बैठक, वर निमुळतं डोकं, भोवती तेज. ऊन चढलं की अंतर्धान.

टीव्हीला केबल नव्हती की अँटेना. त्याची वायर फाटकाच्या खांबावरच्या कॅमेऱ्याला जोडलेली. मंदाताई शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आसपास चोऱ्या वाढल्या म्हणून त्यांच्या मुलाने कॅनडाहून हा कॅमेरा पाठवलेला. फाटकावर कोण आलंय ते आईला आत बसून दिसावं, एवढीच त्याची इच्छा. चोर काही दिसला नाही. महाराज मात्र दिसले.

बातमी पसरल्यावर आंबिवलीहून रिक्षा करून शीतलानंद बाबा आला. हे हिमनाथ महाराज आहेत, हे त्यानेच ओळखलं. अंगावर दोन शाली, पायात लोकरीचे मोजे.

"बर्फावर बारा तपं निजलोय मी, माई," बाबा सांगायचा. "थंडी काय असते ते या देहाला ठाऊक नाही. ती खिडकी लावून घ्या जरा. आणि चहात आलं जास्त टाका."

लोक मान डोलवायचे. चंदूला हसू आवरायचं नाही. त्याची बाजारात व्हिडिओ लायब्ररी होती. पडद्यावर ढगातून उतरणारे देव तो रोज भाड्याने द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत परत घ्यायचा. त्यामुळे पडद्यावरच्या देवाचं त्याला कौतुक नव्हतं. पण परवा बाबा जे बोलला, त्याने त्याची मस्करी आटली.

"महाराजांना गृहस्थाच्या घरात अवघडल्यासारखं होतंय, माई. रविवारच्या दर्शनानंतर बंगला मठाच्या नावे करा. तुम्हाला मागची खोली आहेच."

"ती कोळशाची खोली आहे," चंदू म्हणाला.

"तू गप्प बस," मंदाताई म्हणाल्या. लहानपणी वर्गातही त्या त्याला हेच म्हणायच्या. "माझ्या फाटकावर देव आला. मला आणखी काय हवंय?"

शनिवारी पहाटे चंदू रांगेतून सटकला. आत सगळे टीव्हीपुढे नाक घासत होते. फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चंदू खांबाशेजारच्या कठड्यावर चढला. कॅमेरा एका पेटीत होता, पुढे काच. काळू नदीवरून येणाऱ्या गारठ्याने काचेवर दव धरलेलं. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे पहिला उजेड थेट दवावर पडून काच पेटल्यासारखी दिसत होती. आणि त्या दवात, इंचभर उंचीचे, महाराज बसलेले.

त्याने नीट पाहिलं आणि त्याला कॅमेरा बसवला तो दिवस आठवला. शेजारी म्हणून सगळी देखरेख भाऊंची. नवी वस्तू म्हणून भाऊंनी पूजा केलेली. नारळ फोडला, तेलात शेंदूर कालवला आणि काचेवर खालून वर अंगठा ओढून मस्त टिळा लावला. नंतर काही दिसेना म्हणून कोरड्या फडक्याने पुसला. शेंदूर गेला, तेल राहिलं. तेलकट जागेवर दव वेगळं धरतं. आरशावर बोट फिरवून वाफ सोडा, कालची रेघ आज परत येते. शाळेतली पोरंसुद्धा हे करतात.

संध्याकाळी काच कोरडी झाल्यावर चंदू पुन्हा चढला. स्वतःच्या डोक्यावरच्या खोबरेल तेलातून बोट फिरवलं आणि महाराजांच्या डोक्याला दोन कान काढले. चांगले लांब.

रविवारी हॉल गच्च भरलेला. पहाट उजळली, पडदा पांढरा झाला. महाराज आले. कानांसकट.

मागून एक बाई म्हणाली, "अगं, हे तर गाढव."

बाबाने शाल सावरली. "ही शिंगं आहेत, माई. आज महाराजांनी नंदीचं रूप घेतलंय. फार दुर्मीळ."

"मग उद्या शेपूट येणार, बाबा," चंदू म्हणाला. "मीच काढणारे."

तो बाहेर गेला. आत लोक पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर एक मोठा रुमाल फिरला, महाराज पुसले गेले आणि तिथे चंदूची मिशी आली. मग त्याने साबणाच्या पाण्याने काच धुतली, कोरडी केली, खोबरेलाचं बोट फिरवून शेपूट काढलं आणि काचेवर हाऽ करून श्वास सोडला. पडद्यावर नुसतं शेपूट उमटलं.

मंदाताई उठल्या. फाटकापर्यंत गेल्या, स्वतः काचेवर श्वास सोडला, पाहिलं, पुन्हा सोडला. मग पेटीखाली चिकटपट्टी गुंडाळलेली एक वायर लोंबत होती, तिला हात लावला.

"भाऊ, ही कसली?"

भाऊ चाचरले. "ती... आतल्या हीटरची. तिकडे बर्फ पडतो, काच गरम ठेवायला लागते. म्हटलं, टिटवाळ्यात कशाला हीटर, उगाच लाइट बिल वाढेल."

"म्हणजे माझ्या पोराने काच कोरडी राहायची सोय पाठवली. ती तुम्ही गुंडाळून ठेवलीत, वर तेल लावलंत, तोंड शुभ म्हणून उगवतीला केलंत. आणि मी त्यापायी घर द्यायला निघाले होते." त्या हॉलकडे वळल्या. "बाबा कुठेयत?"

बाबा मागच्या दाराने गेलेला. कोळशाच्या खोलीतून. एक शाल कडीला अडकून राहिली होती.

त्याच दुपारी चंदूने हीटरची वायर जोडली आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला वळवलं. महाराज पुन्हा आले नाहीत. फाटकावर दूधवाला आला, पोस्टमन आला, तो स्वच्छ दिसला.

आणि पैज? जानेवारीतली दुपारसुद्धा टिटवाळ्यात घाम काढते. भाऊ स्टेशनासमोर बसले. स्वेटर, मफलर, माकडटोपी, पुढे शेकोटी, आणि चंदूने प्रेमाने खांद्यावर टाकलेली बाबाची शाल. कल्याणची लोकल आली तशी गर्दी थांबली.

"काका, तब्येत बरी ना?" एकाने विचारलं.

"तब्येत बरी आहे. डोकं गहाण पडलं होतं," भाऊ म्हणाले. "ऐका. कुठे काही अद्भुत दिसलं, तर हात जोडायच्या आधी जवळ जाऊन बघा. बोट लावून बघा. देव असेल तर बोटाने पुसला जाणार नाही."

मफलरमधून निघालेल्या वाफेने त्यांचा चष्मा पांढरा झाला होता.

"भाऊ, समोर काय दिसतंय?" चंदूने विचारलं. "कुणी महाराज वगैरे?"

भाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि परत लावला.

"गाढव दिसतंय," ते म्हणाले. "मिशीवालं."