खालून वाचायचा ग्रंथ

मी बायबल बोलतोय. हळू बोलतोय, कारण कुणी ऐकेल या धास्तीतच माझे दिवस गेले. मी साधं बायबल नव्हे, टिपांचं. माझ्या प्रत्येक पानावर एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर वचनं आणि खाली बारीक अक्षरांत टिपा. अमुक गाव कुठे होतं, तमुक सण कसला, मूळ भाषेतला शब्द काय आणि जाणत्या माणसांचा त्यावर काय वाद आहे, सगळं तिथे असतं. वरच्या मजकुराचा दरारा मोठा, पण माझा जीव रमतो तो खालच्या ओळींत.

छापखान्यातून आलो तो टीनाकडे. टीना ख्रिस्ती, साकोलीच्या एका दवाखान्यात सिस्टर. तिच्यासोबत काम करणारी हर्षा बौद्ध घरातली. जेवणाच्या सुट्टीत टीना मला उघडून बसायची आणि हर्षा डब्यातला भात खाता खाता तिला भंडावून सोडायची, "पर हे खरं कायवरून?"

"मले काय विचारतं? टीप पाय," टीना म्हणायची. "वरून नको, खालून वाच."

हर्षाने खालून वाचलं आणि फसली. मळ्यातल्या मजुरांची गोष्ट होती. मालकाने सकाळपासून राबलेल्यांना आणि दिवस मावळताना आलेल्यांना सारखीच मजुरी दिली. ते नाणं म्हणजे त्या काळची दिवसभराची मजुरी, असं टिपेत होतं. लहानपणी आईसोबत धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गेलेल्या बाईला एवढं पुरे झालं. तिचे प्रश्न थांबले नाहीत, उलट वाढले. टीनाची बदली झाली तेव्हा तिने मलाच हर्षाच्या हवाली केलं.

तिथून माझ्या जिवाला घोर लागला. हर्षाची सासू पार्वताबाई, तिला अक्षरओळख नाही, पण मान मोठी ताठ. आपल्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतल्याची गोष्ट ती आल्यागेल्याला सांगते. नवरा अतुल चिखला गावच्या मँगनीज खाणीत कामाला, शनिवारी घरी येतो. हर्षाला धर्म बदलायचा नव्हता. तिला वाचायचं होतं, बस. पण बायबल वाचणारी बाई नुसती वाचतेय, यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून तिने मला तांदळाच्या कोठीमागे लपवलं. दुपारी सासूचा डोळा लागला की मला काढायची आणि विहारातल्या पिंपळाचं वाळकं पान खूण म्हणून ठेवायची. अंगणात चप्पल वाजली की मी पुन्हा अंधारात, उंदरांच्या शेजारी. ते माझ्याकडे असे बघायचे की माझी पाचावर धारण बसायची.

हर्षाची चूक एकच झाली. त्या घरात आदराचं पुस्तक उघडं ठेवत नाहीत, पांढऱ्या कापडात बांधतात. मला वर्तमानपत्रात गुंडाळायला तिचा हात धजेना. घरच्या धम्मग्रंथाच्या कापडातला उरलेला तुकडाच तिने मला बांधला.

वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि ग्रंथ जातो तो पार्वताबाईच्या घरून. फळीपाशी छत गळतं म्हणून अतुलने फळीवरचा ग्रंथ पेटीत ठेवला होता, हे ती विसरली. फळी रिकामी पाहून तिने घर पालथं घातलं आणि कोठीमागे तिला मी सापडलो. "ग्रंथ इथं कोणं टाकला वं?" असं पुटपुटत तिने मला कपाळाला लावलं आणि विहाराची वाट धरली. मी ओरडणार तरी कसा?

विहारात रोवणीवरून आलेल्या बाया बसल्या होत्या. वाचणाऱ्या गुलाबभाऊंनी कापड सोडलं, पिंपळपानापाशी मला उघडलं आणि ते थबकले. तेवढ्यात ड्यूटीवरून परस्पर आलेली हर्षा दारात उभी राहिली. 

"पार्वताबाई, हे तं बायबल हाय," गुलाबभाऊ म्हणाले.

"माझं हाय, भाऊ," हर्षा दारातूनच म्हणाली. "मी वाचतो."

"ख्रिस्तीन होऊन राहिली का वं?" मागून कुणीतरी विचारलं. पार्वताबाईने मान खाली घातली. ती ताठ मान माझ्यामुळे खाली गेली, याचं मला फार वाईट वाटलं. गुलाबभाऊंनी मात्र पिंपळपान होतं तिथेच ठेवलं, कापडाची नीट घडी घालून मला बांधलं आणि म्हणाले, "हर्षा, हे ने. घरून आपला ग्रंथ आण."

हर्षाने पेटीतला ग्रंथ आणला आणि वाचन झालं. घरी आल्यावर पार्वताबाई पाटावर बसली.

"माह्या सासऱ्यानं ताठ केलेली मान वाकवतं का तू?"

"नाई, आई."

"मंग लपवलं कायले?"

हर्षाला रडू आलं. "तुमी फेकून द्याल म्हून."

सासूने मला तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "वाच."

हर्षाने मजुरांची गोष्ट वाचली. जन्मभर रोवणी केलेली पार्वताबाई भडकलीच. "दिवसभर चिखलात वाकली तिले तेवढंच, अन् सांजच्याला आली तिलेही तेवढंच? हा कोणता न्याय? अन् हे खरं कायवरून?"

हर्षाने बोट रेघेखाली नेलं. "या गोष्टीचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही."

"असं त्यायनंच लिवलं?"

"हो, खाली."

पार्वताबाई हसली. "म्हंजे त्यायच्यातही भांडणं हायेत! असू दे मंग घरात. पर कोठीमागं नाई. उंदरं खातीन."

आता मी कोरड्या भिंतीच्या फळीवर आहे, घरच्या ग्रंथाच्या खालच्या फळीवर. तरी जीव भांड्यात पडलेला नाही. आज शनिवार आहे आणि अतुलला अजून काहीच ठाऊक नाही. गावातून येता येता त्याच्या कानावर काय काय पडेल कोण जाणे. वाचकहो, एवढंच मागणं आहे. मला मानू नका हवं तर, पण रेघेखालचं वाचल्याशिवाय मला घराबाहेर काढू नका.

अंगणात गाडी थांबली. हर्षा चुलीपाशी उभीच राहिली. अतुल तणतणत आत आला, "आई, गावात हे काय आयकून राहिलो मी?"

पार्वताबाईने मला फळीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं.

"पयले पाणी पे," ती म्हणाली. "मंग बस अन् हे वाच. वरून नको, खालून."