तिरका चष्मा

चष्मेवाल्याने काच घासायचं मशीन मध्येच बंद केलं. काच अर्धीच झाली होती, कडेला अजून धार होती. पण मागच्या खोलीतून खारूच्या हसण्याचा आवाज आला होता आणि ती कशावर हसली ते त्याला ऐकायचं होतं.

पडद्यापलीकडे पुन्हा शांतता. मग पटावर मोहरा ठेवल्याचा टक् असा आवाज आणि शिकवणीच्या ताईंचा सपाट स्वर.

"मारलेले मोहरे खिशात नाही टाकायचे. इथे पटाशेजारी, ओळीने ठेव."

"घरी मी खिशातच टाकते."

"मग घरी टाक."

त्याने मशीनच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. मारलेले मोहरे फ्रॉकच्या खिशात गच्च भरून घेते, म्हणूनच तर त्याने लेकीला खारू म्हणायला सुरुवात केली होती. तीन वर्षांपूर्वी, ती सहा वर्षांची असताना, याच काउंटरवर, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी त्याने तिला घोड्याची अडीच घरं शिकवली. त्यांच्या पटावरचा एक काळा उंट हरवला होता. त्याच्या जागी स्क्रूंची रिकामी बाटली उभी असायची आणि खारूचा जीव खऱ्या उंटांपेक्षा त्या बाटलीवर जास्त होता. तो पट आता कपाटावर गेला होता. ताई स्वतःचा गुंडाळीचा पट आणायच्या; बत्तीसच्या बत्तीस मोहरे त्यात शाबूत.

मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सहा. खरं तर ताईंना बोलवायचं त्यानेच काढलं होतं. खारू वर्गातल्या सगळ्यांना हरवायला लागली तेव्हा तोच म्हणाला होता, "आता माझ्याच्याने होत नाही, कुणीतरी जाणतं माणूस बघू." त्यावर बायको "तूच शिकव की" म्हणेल अशी त्याची अटकळ होती. बायको म्हणाली, "बरं सुचलं."

तेव्हापासून घरात 'ताई म्हणतात' सुरू झालं. ताई म्हणतात, आधी राजाला हत्तीआड नेऊन किल्लेकोट करायचा. ताई म्हणतात, हात लावला की तोच मोहरा खेळायचा, मागे घ्यायचं नाही. ताई म्हणतात, हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडून बघायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, "भाजी कशी झालीय तेही ताईंनाच विचार हं."

"भाजी चांगली झालीय," बायको शांतपणे म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि कोणाला कुठे दुखतंय हे तिला लांबून कळायचं. "जळल्याचा वास येतोय तो दुसरीकडून येतोय."

खारू हसली. तो हसला नाही.

ताईंचा चष्मा तिरका होता. डावी दांडी बिजागरीपाशी बाहेर फाकली होती, त्यामुळे फ्रेम एका अंगाला झुकायची आणि ताई दर दोन-चार मिनिटांनी बोटाने ती वर सारायच्या. दीड मिनिटाचं काम. एरवी बसथांब्यावर अनोळखी माणसाची फ्रेम वाकडी दिसली तरी चष्मेवाल्याचे हात शिवशिवायचे. एका गृहस्थाला तर त्याने बस सुटेपर्यंत अडवून ठेवलं होतं. पण दोन महिने ताई त्याच्या काउंटरसमोरून आत जात होत्या, बाहेर येत होत्या, आणि दोन महिने तो त्या झुकलेल्या फ्रेमकडे बघत "या" आणि "बरं" एवढंच म्हणत होता.

त्या दिवशी सहा वाजता ताई बाहेर आल्या, पण निघाल्या नाहीत.

"हिला आधी कोण शिकवायचं?"

"मीच," तो म्हणाला. पाठ आपोआप ताठ झाली.

"अच्छा. तरीच."

"तरीच काय?"

ताईंनी चष्मा वर सारला. "ती थांबते. दहा-बारा चाली छान खेळते आणि मग नुसती बसते. समोर चांगली चाल असते, तिला दिसतेही, पण खेळत नाही. पंधरा दिवसांनी शाळांची स्पर्धा आहे, तिथे घड्याळ लावतात. दोन सराव डाव ती नुसत्या वेळेवर हरली."

"विचार करत असेल."

"विचार करताना माणूस पटाकडे बघतो. ही समोरच्याच्या तोंडाकडे बघते." ताईंनी पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. "कुणीतरी तिच्याशी मुद्दाम हरत आलंय. आता वजीर फुकट मिळेल, मग मिळेल, अशी वाट बघत बसते ती."

चष्मेवाल्याने काउंटरवरचं मऊ फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं.

खोटं नव्हतं ते. तीन वर्षं प्रत्येक डावात, दहा-बारा चाली झाल्या की तो स्वतःचा चष्मा काढायचा, पुसायचा, आणि पुसता पुसता वजीर नको त्या घरात नेऊन ठेवायचा. खारू झडप घालायची. तो कपाळावर हात मारायचा. "दिसलंच नाही बघ." चष्मेवाल्यालाच दिसलं नाही, म्हणून दोघंही हसायची. लहान मूल आहे, जिंकलं तर खेळात रमेल, एवढाच त्याचा हिशेब. पुढे ती सवय झाली. ती कोणाची, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"रविवारी तिच्याशी एक डाव खेळा," ताई म्हणाल्या. "खरा. नाहीतर मी तिचं नाव देणार नाही. नऊ वर्षांचं पोर घड्याळाकडे बघत रडतं, ते मला बघवत नाही."

"तुम्हीच खेळा की खरा."

"माझ्याशी ती खरंच खेळते. तिला ते तुमच्याकडून हवंय."

या बाईला आपली गरज पडली याचं त्याला बरं वाटलं, आणि तिने ते इतकं सरळ सांगितलं याचा रागही आला.

शनिवारी खारू शाळेत असताना त्याने तिची बुद्धिबळाची वही काउंटरच्या खणात ठेवून वाचली. एका बाईंना वाचायचा चष्मा हवा होता, तर त्याने लांबचा नंबर काढून ठेवला. वहीत ताईंच्या बारीक अक्षरात डाव होते, बाण होते, आणि कुठेही 'शाब्बास' नव्हतं. त्याने दोन डाव तोंडपाठ केले.

रविवारी दुकान बंद. कपाटावरचा पट खाली आला, फडक्याने पुसला गेला. खारूने पांढरे घेतले. काळ्यांमध्ये बाटली आपल्या जागी उभी राहिली.

तो खरंच खेळला. पाठ केलेला डाव सहाव्या चालीला संपला, कारण खारूने वेगळंच काही खेळलं. पोरीची बोटं तीच होती, नखात शाईही तीच, पण चाली ओळखीच्या नव्हत्या. घोडा कुठून तरी येऊन मध्यावर बसला. हत्तींनी समोरासमोरची घरं धरली. त्याला वाटलं, समोर दुसरंच कोणीतरी बसलंय, तिरक्या चष्म्याचं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हिला हरवायचं. हिला म्हणजे कोणाला, ते त्याने मनात नीट म्हटलं नाही.

बारावी चाल झाली. खारू थांबली. पटाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. चष्म्याला हात लावला नाही.

"बाबा, काचेवर डाग आहे."

"असू दे. खेळ."

ती खेळली, सावकाश. तोही खेळला. आणखी चार चालींनी त्याच्या राजाला हलायला दोनच घरं उरली आणि त्याच्या लक्षात आलं की तो हरतोय, आणि या वेळी काहीही न करता हरतोय. त्याने ओठ मुडपले. मघापासून तो एकदाही हसला नव्हता.

खारूने मनगटाने डोळे चोळले. मग वजीर उचलला आणि बाटलीच्या अगदी वाटेत, नेमका मरेल असा ठेवला.

"अय्या," ती म्हणाली. "दिसलंच नाही बघ."

शब्द त्याचेच होते. सूरही, आणि 'बघ'वरचा तो हेलसुद्धा.

त्याने वजिरावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"तुला कधीपासून माहितीये?" त्याने विचारलं.

"काय?"

"खारू."

तिने एक मारलेलं प्यादं खिशातून काढलं, पुन्हा आत टाकलं. "पहिलीत असल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला आवडायचं ना." ती खांदे उडवून म्हणाली. "तू चष्मा पुसायला लागलास की मला कळायचं. मग मी थांबायचे. मी आधीच जिंकले असते तर तुला ते करायलाच मिळालं नसतं."

बायको चहाचा कप घेऊन दारात आली होती. तिने एकदा दोघांकडे पाहिलं, कप खिडकीत ठेवला आणि परत गेली.

"मागे घेऊ का वजीर?" खारूने हळूच विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. "हात लावला की खेळायचं. ताई काय म्हणतात?"

त्याने बाटली पुढे सरकवली आणि वजीर उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो खिशात टाकावासा वाटला, पण पटाशेजारी ठेवला, सरळ.

खारूचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि भुवया आकसून पटाकडे बघू लागली. पटाकडेच.

"आता मी नाही हं सोडणार."

"नकोच सोडू."

मंगळवारी सहा वाजता ताई बाहेर आल्या तेव्हा तो नवीन फ्रेमला काच बसवत होता. आतून तासभर टक् टक् ऐकू आली होती. त्याने मोजलं होतं. बाराव्यानंतर तेरावा टक् लगेच आला होता, आणि त्यामागोमाग ताईंचा एक "वा". त्या एका शब्दासरशी त्याच्या हातातला स्क्रू फरशीवर पडला आणि शोधायला बराच वेळ लागला.

"थांबली नाही आज," ताई म्हणाल्या. "नाव देते."

"बरं."

त्यांनी पट पिशवीत सरकवला, चष्मा बोटाने वर सारला. चष्मा पुन्हा घसरला. त्या पायरीपर्यंत गेल्या.

"तो इकडे द्या जरा," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"चष्मा. बसा. दीड मिनिट लागेल."

ताई परत आल्या. चष्म्याविना त्यांचा चेहरा लहान वाटत होता, एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारखा. त्याने दांडी गरम केली, अंगठ्याने हलकेच आत घेतली, फ्रेम उजेडासमोर धरून बघितली आणि मग काचा पुसायला घेतल्या, आधी डावी, मग उजवी, सगळे कोपरे स्वच्छ निघेपर्यंत.

"दोन महिने त्रास देतोय," ताई म्हणाल्या. "तुमच्या लक्षात येईल असं वाटायचं मला."

त्याने चष्मा त्यांच्या हातात दिला.

"दिसलंच नाही," तो म्हणाला.

पडद्यामागे कोणीतरी खोकल्यासारखं केलं.