सायराकान कुणाच्या बाजूची

गुलझिनानं नवरीला बसवलेल्या कोपऱ्याचा पडदा दोन बोटं सरकवला, तर दारात चक्क सायराकान. आठ मार्चला चौकात बायकांसाठी गाणारी, पोस्टरवरची, हातात तीन तारांचा कोमुझ घेऊन.

"बघ तुझी स्त्रीवादी," ती मीरिमच्या कानात पुटपुटली. "तिकडं आपल्याला शिकवते, आणि इथं पळवून आणलेल्या पोरीच्या लग्नात गाते."

मीरिमनं मान वर केली नाही. सकाळी कॉलेजच्या वाटेवर तिला गाडीत कोंबलं होतं. रात्र इथं गेली की लग्न झालंच म्हणायचं. गुलझिनाला आत सोडलं होतं, ते मैत्रिणीची समजूत घालेल म्हणून.

उंबरठ्यावर नवऱ्या मुलाची आजी आडवी पडली होती. म्हातारीला ओलांडलं की शाप लागतो, मुलगी बाहेर पडेलच कशी?

"या आपा," मुलाची काकू म्हणाली. "नवरीच्या डोक्याला लग्नाचा रुमाल तुमच्याच हातानं बांधा."

"बांधू की. आधी गाणं."

गुलझिनानं दात आवळले.

"पण आजी, तुम्ही अशा पसरलेल्या?" सायराकान म्हणाली. "आडव्या माणसापुढं मी एकच गाणं म्हणते, मयताचं. म्हणू?"

बायका फिस्सकन हसल्या.

"थू थू! उठते गं बाई," आजी कण्हत उठली.

सायराकाननं तिला मानानं आत नेलं, स्वतःशेजारी बसवलं. मग नखरे सुरू. दाराकडे कुणी बसायचं नाही, मला तुमची तोंडं दिसली पाहिजेत, सरका पुढं. बायका सरकल्या. पुरुष मागच्या अंगणात मेंढी सोलत होते.

"काय तो तोरा," गुलझिना कुजबुजली. "मानपान हवा नुसता."

मीरिमनं तिचं मनगट धरलं. पडदा दाराला लागूनच होता. समोर सगळ्या पाठी, आणि उंबरठा मोकळा.

सायराकान डोळे मिटून गात होती. पडद्याकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

दोघी मोज्यांवरच पळाल्या. फाटक, ओढा, मग चढ. गाणं मागून ऐकू येतच होतं.

"मुद्दाम केलं का गं तिनं?" गुलझिनानं विचारलं.

"मला काय माहीत. चल."

रस्ता अजून शंभर पावलं होता, आणि गाणं संपलं. गुलझिना जागीच थिजली. आता बायका उठणार, रुमाल आणणार, पडदा उघडणार.

कोमुझ पुन्हा वाजला. तेच गाणं, पहिल्या ओळीपासून, या वेळी जरा संथ.