पूर्वेकडे वळलेला अँटेना

एमिर पॅरीच्या छपरावरचा अँटेना फिरला होता. नेस्ताने तो कपडे वाळत घालताना पाहिला आणि हातातली ओली चादर तशीच दोरीवर फेकून ती मागे मागे सरकत पार रस्त्यापर्यंत गेली, नीट दिसावं म्हणून. शंकाच नको. परवापर्यंत दक्षिणेला तोंड करून असलेला अँटेना आता सरळ पूर्वेला, समुद्राकडे बघत होता. नुसता फिरवलाही नव्हता. जुना उतरवून दुप्पट लांबीचा नवा, चांगल्या उंच खांबावर चढवला होता.

परक्या माणसाला वाटेल, त्यात एवढं काय? पण वेल्समधल्या मोन बेटाच्या त्या किनाऱ्यावर छपराकडे बघून घर ओळखतात. दक्षिणेच्या टेकडीवरचा टॉवर आपला, वेल्श. तिकडे अँटेना असला की चार नंबरवर आपल्या भाषेतली वाहिनी, आपल्या बातम्या, आपला पाऊस. आणि पाण्यापलीकडे, थेट इंग्लंडात, लँकशरमध्ये विंटर हिलचा टॉवर. तिकडे तोंड करतात ती सुट्टीपुरती येणारी इंग्रज मंडळी. घर घेतलं की आधी दाराशेजारी भाड्याने येणाऱ्यांसाठी किल्लीची पेटी ठोकायची, मग अँटेना फिरवायचा, असा त्यांचा शिरस्ता.

पोर्थ हेलिग गावातल्या त्या पाच घरांच्या ओळीतली तीन घरं अशीच गेली होती. पानगळ सुरू झाली की ईस्टरपर्यंत तिथे दिवा लागत नसे. उरली दोन. नेस्ताचं आणि एमिरचं, मध्ये एकच भिंत. नेस्ताचा नवरा गेला तेव्हा एमिर म्हणाला होता, "मी आहे तोवर या भिंतीपलीकडे माणूस आहे, समज." त्या शब्दावर बाई हिवाळे काढत होती. एमिर आणि त्याची बायको ऑड्री घर विकून गेले तर त्या अंधाऱ्या ओळीत ती एकटी उरणार होती. याची तिला भीती वाटायची. फक्त ती कुणाला दाखवत नसे.

संध्याकाळी एमिर कोळसा न्यायला मागच्या अंगणात आला, तशी नेस्ता भिंतीवर कोपरं टेकून उभीच होती.

"अँटेना नवा दिसतोय."

"अं? हो. जुना गंजला होता."

"फिरलाय."

"वाऱ्याने फिरला असेल."

"वाऱ्याने! माझा नाही फिरला तो? वाराही माणूस बघून वाहायला लागला की काय?"

एमिर हसला नाही. एरवी असं काही म्हटलं की हा माणूस बादली खाली ठेवून दोन टोमणे परत मारायचा. नेस्ताच्या मनात पाल चुकचुकली. तिने आवाज एकदम गोड केला. "बरं, काल मालिकेत शेवटी काय झालं रे? त्या पोरीचं लग्न मोडलं का? मला मेलीला डुलकी लागली."

"मोडलं वाटतं," एमिर म्हणाला.

"अरेरे," नेस्ता म्हणाली आणि आत आली. काल मालिका नव्हतीच. काल रग्बीचा सामना दाखवला होता, पूर्ण.

म्हणजे हा माणूस आपली वाहिनी बघत नव्हता, वर धडधडीत खोटं बोलत होता. चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसून खर्जात गाणारा, इंग्रजी पाटीवर वेल्श नाव रंगवलं म्हणून तरुणपणी दंड भरलेला एमिर पॅरी! नेस्ताने चहा केला आणि तो प्यायचंच विसरली.

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. ऑड्री महिनाभर दृष्टीस पडली नव्हती. विचारलं की "सर्दी झालीय". दुपारीसुद्धा पडदे ओढलेले. मग एक दिवस पांढरी गाडी आली. कुणी निळ्या कोटातली बाई उतरली, तिने समोरच्या पायऱ्यांचे फोटो काढले, दाराचे काढले, मोजपट्टीने चौकटीची रुंदी घेतली. एमिर बाजूला मान खाली घालून उभा. नेस्ता जिन्यावरच्या खिडकीतून बघत होती. घरं विकून देणारी माणसं अशीच येतात. मधल्या घराच्या वेळी तिने पाहिली होती. आता आणखी कसला पुरावा हवा?

आणि तो आवाज. भिंतीपलीकडून ऑड्रीचं ओरडणं यायचं, मग रडणं, मग एमिरची समजावणी. शब्द कळत नसत. आज दुपारच्या जेवणानंतर, तर दोन दिवसांनी चहाच्या वेळेला, मग दिवेलागणीला. रोज थोडं पुढे सरकत होतं. ऑड्रीला घर सोडायचं नाही आणि हा तिला भाग पाडतोय, असा नेस्ताने अर्थ लावला. बिचारी ऑड्री! मूळची इंग्लंडातली, बोल्टनची. पण लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत अशी वेल्श बोलायला लागली की शिकणाऱ्यांच्या स्पर्धेत तिने बक्षीस मारलं. चाळीस वर्षं त्या दोघी याच भिंतीवरून वेल्शमध्ये गावाची धुणी धूत आल्या होत्या. त्या बाईला हा फरफटत नेणार?

संताप पोटात मावेना, तेव्हा नेस्ता दुकानात गेली. दुकानवाली लोइस पाव मोजत होती.

"एमिर घर विकतोय," नेस्ता म्हणाली.

"काय सांगताय मावशी! एमिरकाका?"

"अँटेना बघ जाऊन. मी काही बोलत नाही."

आणि मग अर्धा तास बोलली.

रविवारी चॅपलमध्ये एमिरच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. बाहेर पडताना लोकांनी त्याला "बरं चाललंय ना" एवढंही विचारलं नाही. तो टोपी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि घाईने घरी गेला. नेस्ताला बरं वाटलं. म्हणजे आधी बरं वाटलं, आणि मग जेवण गेलं नाही.

मंगळवारी दुपारी आवाज आला तो असा की नेस्ताच्या हातून सुरी पडली. ऑड्री किंचाळत होती. बस झालं, नेस्ता म्हणाली, आज याची खबरच घेते. तिकडे मागचं दार वाजवायची पद्धत नाही. ढकलायचं आणि आत जायचं. ती गेली.

टीव्हीसमोर एमिर गुडघ्यांवर बसला होता. पडद्यावर कुणा बातम्या देणाऱ्या बाईच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते, तेही जागचे हलत नव्हते. खुर्चीत ऑड्री, केस विस्कटलेले, खुर्चीचे हात घट्ट धरून.

"ऑड्री, काय गं केलं यानं?" नेस्ताने वेल्शमध्ये विचारलं.

ऑड्रीने तिच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि इंग्रजीत नवऱ्याला म्हणाली, "ही काय बोलतेय? कोण आहे ही?"

 नेस्ता जवळच्या स्टुलावर बसली.

"गेली तिची भाषा," एमिर म्हणाला. तो उठलाच नाही, तिथूनच बोलला. "विसरण्याचा आजार आहे. आधी नावं गेली, मग वेल्श गेली, सगळीच्या सगळी. एका सकाळी मी चहा घेतेस का विचारलं तर घाबरून रडायला लागली. आता मनाने ती बोल्टनमध्ये असते. लहानपणी स्वयंपाकघरातून विंटर हिलचा टॉवर दिसायचा तिला. तिकडच्या बातम्या लागल्या, तिकडचे रस्ते, तिकडची बोली कानावर पडली की शांत बसते. जेवते पण."

"म्हणून अँटेना."

"म्हणून. इंटरनेटवर मिळतं म्हणतात. आपल्याकडचं इंटरनेट तुला माहीतच आहे, मेंढी आडवी आली तरी बंद पडतं."

"आणि हे?" नेस्ताने पडद्याकडे बोट केलं.

"पाण्यावरून येतं ना ते. भरती आली की फुटतं, उतरायला लागली की परत येतं. तेवढा वेळ काढायचा."

नेस्ता त्या किनाऱ्यावर जन्मली होती. रोज पुढे सरकणारी भरती तिला घड्याळाशिवाय कळत होती. आणि रोज पुढे सरकणारं हे रडणं ऐकून तिने काय काय रचलं होतं! तिला तिथल्या तिथे तोंड लपवावंसं वाटलं.

"मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तिचं डोकं ठिकाणावर असतं तेव्हा तिला लाज वाटते. एवढी मेहनतीने शिकलेली भाषा. म्हणाली, नेस्ताला कळू देऊ नकोस." एमिरने डोळे पुसले. "आता बोललो मी."

"ती निळ्या कोटातली?"

"जॅनेट. हिची भाची. म्हणते या पायऱ्यांवर मावशी पडेल, आणि बोलायला चिटपाखरू नाही, बोल्टनमध्ये चांगला वृद्धाश्रम आहे. खरंच आहे तिचं. कोण येतं आमच्याकडे? या रविवारी तर..." तो थांबला. "ही इथे शांत राहिली तर राहू. नाही तर न्यावंच लागेल. आणि ती तिकडे गेल्यावर मी या घरात बसून काय करू? मलाही जावं लागेल."

म्हणजे शेवटी घर जाणारच होतं. एका फुटक्या चित्रावर ते टेकलेलं होतं, आणि ते सावरायच्या वेळी नेस्ताने सगळं गाव त्यांच्यापासून तोडलं होतं.

तेवढ्यात ऑड्री पुन्हा ओरडली. "कुठे गेली ती बाई? ती सांगत होती ना! बंद का केलं?" ती खुर्चीतून उठायला बघत होती आणि एमिर तिचे खांदे धरून "येईल, येईल" म्हणत होता.

नेस्ता उठली. तिने स्टूल ओढलं आणि टीव्हीच्या पुढ्यात, ऑड्रीच्या गुडघ्याला गुडघा लागेल असं ठेवून बसली. तिचं इंग्रजी पोस्टात नोकरीला असतानाचं, तिकिटं आणि पार्सलांपुरतं. पण ती पाठ ताठ करून इंग्रजीत सुरू झाली, "तर, आता बोल्टनच्या बातम्या."

ऑड्री थांबली.

"आज बाजारात खूप गर्दी होती. मासे महाग आहेत. उद्या सकाळी पाऊस पडेल."

"पडणारच," ऑड्री म्हणाली. "तिथे नेहमीच पडतो."

"दुपारी थांबेल. शाळेतली पोरं भिजून घरी जातील आणि आया ओरडतील."

ऑड्री हसली. खुर्चीला टेकली. नेस्ताला सुचेल ते ती बोलत राहिली. ट्राम, बेकरी, न झालेली लग्नं, कुणाच्या तरी हरवलेल्या कुत्र्याचा शोध. इंग्रजी जिथे अडायचं तिथे हातवारे करत होती. एमिर मागे उभा राहून तोंडावर हात धरून ऐकत होता.

मग ऑड्री एकदम पुढे वाकली. तिने नेस्ताचा हात धरला आणि आवाज बारीक केला. "तू चांगली दिसतेस म्हणून सांगते. इथे जपून राहा. भिंतीपलीकडे एक बाई राहते. सारखी खिडकीतून आमच्यावर पाळत ठेवून असते."

"ऑड्री!" एमिर म्हणाला.

नेस्ताने त्याला हाताने थांबवलं.  "ठेवते खरी," ती म्हणाली. "ओळखते मी तिला."

"का ठेवते? आम्ही काय केलंय तिचं?"

"तुम्ही निघून जाल म्हणून घाबरते ती. मग ती एकटीच उरेल ना."

ऑड्रीने कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ ती बंद पडदे आणि नेस्ताचा चेहरा आलटून पालटून बघत राहिली. मग तिने वळून नवऱ्याला फटकारलं, अगदी पूर्वीच्या आवाजात.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस मला? अरे, तिला चहाला बोलव की!"