अर्धा ट्रक

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. लग्नानंतर नवऱ्याच्या कानावर पडलं आणि त्यानेही तेच उचललं. चष्म्याच्या काचा घासून नंबरात आणायचं तिचं काम. तिथे मात्र तिचा हात असा स्थिर असे, की मालक अवघड काचा बाजूला काढून तिच्यासाठी ठेवायचा. दूरच्या एका शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळाने काचविभाग सांभाळायला तिला बोलावलं, तेव्हा पत्र पुरतं वाचून व्हायच्या आतच ती घरभर मोजपट्टी शोधत सुटली.

ट्रान्सपोर्टवाल्याने अख्ख्या ट्रकच्या भाड्याचा आकडा सांगितला तेव्हा नवऱ्याने शीळ घातली.

"एवढ्यात नवीन संसार येईल की."

"मग घेऊ नवीन."

"कशातून?"

नव्या घराची अनामत होती, लेकीच्या शाळेचा प्रवेश होता, प्रवास होता, आणि तिचा पहिला पगार हातात पडेपर्यंतचा महिना होता. तिने सगळं मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. पोळीचा घास हातात धरून ती आकडे बोलायची आणि घास तसाच राहायचा. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो तिथे लगेच नोकरी धरेल आणि दुसऱ्या महिन्यापासून दोन पगार येतील, असं धरल्यावर हिशेब कसाबसा जुळत होता. फक्त ट्रक तेवढा बसत नव्हता.

शेवटी ट्रान्सपोर्टवाल्यानेच मार्ग काढला. "एक दातांचे डॉक्टर आहेत, त्याच शहरात चाललेत. सामान बेताचं आहे. अर्धा ट्रक त्यांचा, अर्धा तुमचा. चालेल?"

न चालायला काय झालं होतं?

डॉक्टर तिला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातच भेटले. उंच, किडकिडीत, शर्टाला कडक इस्त्री. दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला चालले होते. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. "माझ्या सामानात मोठी वस्तू एकच," ते म्हणाले, "दवाखान्यातली खुर्ची. पेशंट पळून गेले, तिला पळता आलं नाही." भिंगरीला ते आवडले. दोघांनी आपापला हिस्सा तिथल्या तिथे भरून टाकला.

घरी येऊन तिने पुढच्या खोलीत फरशीवर खडूने अर्ध्या ट्रकची चौकट आखली. भिंतीवर उंचीची रेघ मारली. "या चौकटीत मावेल ते येईल. बाकीच्याला रामराम." मग जो तो त्या चौकटीला वळसा घालून चालू लागला, जणू तिथे विहीरच खणली होती. लेक तेवढी आत जाऊन बसायची आणि म्हणायची, "मी भरले गेले."

खरी अडचण होती सासूबाईंच्या टेबलाची. नवरा लहान असताना सासूबाईंनी शिवणकामावर घर चालवलं होतं. कापड बेतायचं ते लांबरुंद लाकडी टेबल अजून मागच्या खोलीत होतं. ते घेतलं तर चौकटीत कपाट मावत नव्हतं.

"आई, टेबलाचं काय करायचं?"

"तू म्हणशील तसं."

"नाही, पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. तू म्हणशील तसं."

या 'तू म्हणशील तसं'ने तिचा जीव खाल्ला. टेबल घरमालकाला द्यायचं ठरलं, पण मागच्या खोलीत गेलं की तिला चोरट्यासारखं वाटायचं. कोपऱ्यावर हात ठेवायची, उचलायची, बाहेर यायची. नवऱ्याला काही विचारावं तर तो म्हणायचा, "तू ठरवलंयस ना? झालं तर मग." अलीकडे तो कामावरून उशिरा येत होता. जुन्या इमारतीतली एक लिफ्ट त्याने तीनदा खोलून तीनदा बसवल्याचं त्याच्या जोडीदाराकडून कळलं. भिंगरीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला तेव्हा खोक्यांपलीकडचं काही दिसतच नव्हतं.

ती डॉक्टरांना एक दिवसाआड फोन करायची. "पॅकिंग कुठवर आलं?"

"होत आलंय," डॉक्टर म्हणायचे.

"दोऱ्या आहेत ना? माझ्याकडे जास्तीच्या आहेत."

"आहेत, आहेत. होत आलंय."

निघायच्या दिवशी ट्रक सकाळीच दारात लागला. हमालांनी पाहता पाहता घर रिकामं केलं. मुकादमाने ट्रकच्या बरोबर मधोमध दोरी बांधली. भिंगरीचं सगळं सामान दोरीच्या अलीकडे मावलं तेव्हा तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. संध्याकाळची गाडी होती. नवरा, सासूबाई आणि लेक झाडलोट करायला मागे राहिले. ही मुकादमाशेजारी केबिनमध्ये चढून डॉक्टरांच्या घराकडे निघाली, का तर त्यांचं सामान दोरी ओलांडून इकडे यायला नको.

डॉक्टरांचं दार उघडंच होतं. आत पडदे जागच्या जागी होते. भिंतीवर तसबिरी होत्या, कपाटात कपबश्या होत्या, स्टोव्हवर चहाचं आधण होतं. ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या खोक्यांचा गठ्ठा पुन्हा घडी घालून कोपऱ्यात उभा केलेला होता. खिडकीजवळ ती खुर्ची होती आणि खुर्चीशेजारी इस्त्रीच्या शर्टात डॉक्टर उभे होते.

"मी येत नाहीये," ते म्हणाले.

भिंगरीचा तोल सुटला. "येत नाही म्हणजे? मी विचारत नव्हते? होत आलंय, होत आलंय! काय होत आलं होतं? ट्रक दारात उभा आहे! माझं घर त्यात भरलंय!"

"खोटं बोललो नाही हो. सकाळी भरायचो. संध्याकाळी एकेक काढून जागेवर ठेवायचो. तुम्ही फोनवर इतक्या उत्साहात असायचात, तुम्हाला नाही म्हणायला तोंड उघडेना. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगितलं मी."

ते हसू पाहत होते. तिला हसू आलं नाही.

"मुलीला सांगितलंत?"

"तिने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. रंग विचारला. पडदे विचारले. पलंग खिडकीशी हवा की भिंतीशी, तेही विचारलं. यायचंय का, एवढंच राहिलं. तिची चूक नाही. मी एकदाही नाही म्हटलं नाही. तिला वाटलं, बाबा खूश आहेत."

बसायला दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून भिंगरी त्या खुर्चीत बसली. खुर्ची मागे कलली आणि ती छताकडे बघत राहिली. पत्र आल्यापासून ती अशी पाठ टेकून बसलीच नव्हती.

"झोपेत दात खाता का तुम्ही?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं. "जबडा आवळून बोलता. दाढा झिजतील."

"डॉक्टर, माझ्या दाढा राहू द्या. फोन करा मुलीला. आत्ता. ती तिथे ट्रकची वाट बघत उभी राहील."

त्यांनी फोन लावला. आधी हवापाण्याचं बोलले, मग थांबले. मग म्हणाले, "नाही गं, तुझ्यावर रागावून नाही. अजिबात नाही. ऐक तरी." भिंगरी उठून बाहेर गेली. ते ऐकायला तिने थांबणं बरं नव्हतं.

मुकादम ट्रकला टेकून उभा होता. "त्यांचे पैसे भरलेले आहेत, त्यामुळे तुमच्यावर काही येत नाही," तो म्हणाला. "पण जागा मोकळी जाणार. तुमचं काही राहिलं असेल तर बघा. तासाभरात निघायचंय."

तिच्या डोळ्यांपुढे टेबल आलं. ट्रक घेऊन घरी पोचताच ती जिन्यातूनच ओरडली, "आई! टेबल येतंय आपल्याबरोबर!"

सासूबाई रिकाम्या खोलीत झाडू घेऊन उभ्या होत्या. "कशाला?"

"कशाला म्हणजे? जागा झालीय ट्रकमध्ये."

"अगं, त्या टेबलाने माझी कंबर खाल्ली. मान खाल्ली. रात्ररात्र वाकून बेतलंय मी त्याच्यावर. घरमालक नेतोय तर नेऊ दे की गुपचूप."

"मग तुम्ही एवढे दिवस 'तू म्हणशील तसं' का म्हणत होतात?"

"तू त्याच्याकडे बघायचीस अशी, जसं काही माझं काळीजच विकायला काढलंयस. म्हटलं, पोरीला एवढं वाईट वाटतंय तर मी कशाला आड येऊ?"

भिंगरी मटकन खाली बसली. खडूची चौकट पायांनी पुसट झाली होती, ती तिच्या मधोमधच बसली होती. "आई, खरं सांगा. तुम्हाला यायचंय ना?"

"मला? पत्र आलं त्याच दिवशी मी शेजारणीला सांगून मोकळी झाले. या रस्त्यावरची सगळी माणसं मला पाठ झालीत. आता नवी बघू दे." सासूबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि आवाज खाली आणला. "मला विचारलंस, बरं केलंस. आता त्याला विचार."

नवरा गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. हातात पाना होता. उघडायचं की आवळायचं असं तिथे काहीच नव्हतं.

ती शेजारी जाऊन उभी राहिली. तिचे हात चाळा शोधत होते, म्हणून तिने ते कठड्यावर दाबून धरले. "तुला यायचंय का?"

"ट्रक भरल्यावर विचारतेस?"

"हो. उशीरच झाला. पण विचारतेय."

तो पान्याचं तोंड उघडत-आवळत राहिला. तिने मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिला फार जड गेलं.

"तिथल्या इमारती बघितल्यास? त्या लिफ्टना पाना लागत नाही, कॉम्प्युटर लागतो. इथे लिफ्ट कण्हली तरी मला कळतं तिचं काय दुखतंय. तिथे मी शिकाऊ. कालच्या पोरांच्या हाताखाली."

"हे कधी बोलला नाहीस."

"तू थांबलीस कुठे?"

तिला झोंबलं, पण तिने ते गिळलं. "नको जायला? सामान उतरवू. इस्पितळाला कळवते." बोलताना तिच्या लक्षात आलं, आपण हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही आहोत. त्यामुळे ती जास्तच घाबरली.

नवऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा त्यालाही ते कळलं असावं. "उतरवायचं नाही," तो म्हणाला. "तू तिथे नाही गेलीस तर इथे भिंती खाशील. जाऊ. पण तुझ्या त्या हिशेबात दुसऱ्या महिन्यापासून माझा पगार धरलायस ना, तो काढ. मला वेळ लागेल. किती, ते माहीत नाही."

एका पगारात ठरवलेलं तीन खोल्यांचं घर परवडणार नव्हतं. तिने तिथूनच नव्या घरमालकाला फोन लावला. त्याच्याकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा होती, ती तिने आधी नाकारली होती. अजून रिकामी होती. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पुढच्या खोलीत झोपेन. येणारे-जाणारे दिसायला नकोत का मला?" तासाभरात मुकादमाने कुठल्याशा दुकानाच्या गाद्या दोरीच्या पलीकडे भरल्या आणि ट्रक निघून गेला.

नव्या घरात पोचले तेव्हा नळाला पाणी नव्हतं. भिंगरीने घरमालकाला फोन लावला, प्लंबरला फोन लावला, पुन्हा घरमालकाला लावला. तोवर सासूबाई कुणाला न सांगता बादली घेऊन बाहेर पडल्या. बऱ्याच वेळाने परतल्या त्या दोन भरलेल्या बादल्या, त्या उचलून आणणारी एक अनोळखी बाई आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांची साग्रसंगीत माहिती घेऊन. खालच्याचं कुणाशी पटत नाही, समोरच्यांची सून गाणं शिकते, पाणी दुपारी जातं म्हणजे जातंच. नवरा खोक्यावर बसून ऐकत होता. ऐकता ऐकता हसायला लागला आणि मग थांबेचना.

त्याला काम मिळायला तीन महिने लागले. साहेब म्हणून एक मुलगी होती, त्याच्याहून पुष्कळ लहान. पहिले काही दिवस तो घरी येऊन धुसफुसायचा. मग एकदा म्हणाला, "पोरगी हुशार आहे. पण लिफ्टचा आवाज ऐकत नाही. सांगेन हळूहळू." ते महिने ओढाताणीचेच गेले. दोघांची दोनदा कडाक्याची भांडणं झाली, एकदा तर लेकीने दोघांना गप्प केलं.

भिंगरी काही बदलली नाही. एका रविवारी तिच्या मनात आलं की कपाट या भिंतीला शोभत नाही, त्या भिंतीला हवं. नवरा पेपर वाचत होता.

"हे तिकडे न्यायचं म्हणतेय मी," ती म्हणाली आणि थांबली. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, आहे तिथे बरं आहे."

तिने चहा केला, प्यायला, कपबशी विसळून ठेवली. कपाटासमोरून दोनदा गेली. नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

"बरं, ऊठ," तो म्हणाला. "तू तिकडून धर. आणि आधी आतले कपडे काढ, नाहीतर माझी कंबर जाईल."